खेकड्याची सफाई बांधापासून व्हावी

मृगाचा पाऊस दोन-तीन दिवस नेटाने लागला, की आपल्या भागात रात्री बांधाबांधांवर बॅटऱ्या चमकू लागतात. कुणी वलगणीच्या माशांमागे ओढ्यात उतरतो, कुणी पिशवी नाहीतर पत्र्याचा डबा घेऊन खेकडे धरत फिरतो. जून-जुलैत यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते, बाजारात मासळीचे भाव चढतात. अशा दिवसांत भाताबरोबर रस्सा देणारा हा जिन्नस शेतातच मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. कल्याण-डोंबिवलीच्या आसपासचे आगरी-कोळी असोत, मुरबाड-शहापूरकडचे कुणबी असोत, की कातकरी-ठाकूर वाडीतली माणसं असोत, माळकरी मंडळी सोडली तर पावसाळ्यात एकदा तरी खेकडा शिजला नाही असं घर विरळाच. कुणी त्याला मुठा म्हणतो, कुणी चिंबोरी म्हणतो, एवढाच काय तो फरक.

शेतकरी बंधू-भगिनींनो, विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव बैठका घेताना या दिवसांत मला दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पारावर पुरुष मंडळी विचारतात, "साहेब, खेकड्यांनी बांधाची चाळण केलीय, औषध कोणतं टाकू?" आणि बचत गटाच्या बैठकीत बाया विचारतात, "भाऊ, खेकडे साफ कसे करायचे? पोरं खातात, त्यांना बाधणार तर नाहीत?" दोन्ही प्रश्न एकाच गावातले, कधी कधी एकाच घरातले. पण दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघायला कुणाला सवड नसते. बांधावर विष टाकणारा एक असतो आणि त्याच बांधावरून रात्री खेकडा धरून नेणारा दुसरा असतो. तो खेकडा घरी कितीही घासला-धुतला तरी त्याच्या अंगात मुरलेलं विष धुतलं जात नाही. म्हणून माझं मत असं आहे, की खेकड्याची सफाई निम्मी घरात आणि निम्मी बांधावर असते. घरातली निम्मी आधी सांगतो, कारण तिथेही बरेच गैरसमज आहेत.

जिवंत असेल तरच घरात घ्या

खेकडा मेला, की माशापेक्षा लवकर बिघडतो. त्याच्या पोटातले पाचक रस त्याच्याच मांसाला गाळू लागतात, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत जंतू वाढायला वेळ लागत नाही. त्यामुळे मेलेला खेकडा मसाला जास्त घालून खपवायचा नाही. तो टाकूनच द्यावा. तोही ओढ्यात नको, खड्डा करून पुरावा. जिवंत खेकडा ओळखणं सोपं आहे. डोळ्याला काडी लावली तर तो डोळा आत घेतो, उलटा केला तर पाय झाडतो. पाय लोंबकळत असतील, उचलल्यावर डेंगे खाली पडत असतील, तर घेऊ नये. तोंडाला फेस आला म्हणजे खेकडा विषाने मरतोय असं काहीजण म्हणतात, पण ते खरं नाही. पाण्याबाहेर राहिला की चांगला धडधाकट खेकडाही फेस काढतो. विषाची खूण वेगळी असते, ती पुढे सांगतो.

आणलेले खेकडे बादलीभर पाण्यात बुडवून ठेवण्याची चूक बऱ्याच घरांत होते. एका बादलीत वीस खेकडे कोंबले, की पाण्यातली हवा थोड्या वेळात संपते, आणि सकाळी निम्मे मेलेले सापडतात. त्यापेक्षा पसरट घमेल्यात दोन बोटं पाणी घ्यावं, म्हणजे पाठ उघडी राहते आणि कल्ले ओले राहतात. वरून ओलं गोणपाट टाकून दगड ठेवावा. आपल्याकडचा गोड्या पाण्यातला खेकडा ओलाव्यात हवेवरही बराच वेळ तग धरतो. डेंगे सुतळीने बांधले तर ते एकमेकांना तोडत नाहीत.

मिठाच्या पाण्याचा गैरसमज

शेतातल्या खेकड्याच्या आतड्यात चिखल, कुजकी पानं, मेलेले किडे असं काय काय असतं. ते तसंच शिजवलं तर रश्शाला माती लागते. म्हणून धरल्याबरोबर शिजवण्यापेक्षा एक रात्र उपाशी ठेवून पाणी दोनदा बदललेलं बरं. सकाळी घमेल्यातलं पाणी गढूळ दिसेल. तेवढी घाण पोटातून गेली असं समजा.

मात्र बऱ्याच ठिकाणी "मूठभर मीठ टाका, तासाभरात पोट साफ होतं" असं सांगतात. हा समज फक्त आपलाच नाही. अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात भाताच्या शेतात पाणी साठवून क्रॉफिश नावाचा जीव पाळतात. दिसायला लहानशा शेवंडासारखा, पण गोड्या पाण्यातला. भात कापून झालं की खुंटाला पुन्हा फुटवे येतात, त्या कुजणाऱ्या पाल्यावर हा जीव वाढतो. तिथेही लोक शिजवायच्या आधी जिवंत क्रॉफिशवर मीठ ओततात. तिथल्या जाणकारांनी हे तपासून पाहिलं, तेव्हा मिठाने आतडं रिकामं होत नाही, फक्त वरची घाण सुटायला थोडी मदत होते, असं दिसलं. आतडं रिकामं व्हायला त्याला स्वच्छ पाण्यात दिवसभर उपाशीच ठेवावा लागतो. आपला खेकडा त्याच जातकुळीतला आहे. गोड्या पाण्यातल्या जिवाला मिठाच्या दाट पाण्यात टाकलं तर पोट साफ होण्याआधी तो गळून जातो. मीठ रश्शासाठी राहू द्या.

कापण्याआधी बधिर करा

वळवळणाऱ्या खेकड्याचे डेंगे धरून ओढायचे, ही आपल्याकडची रीत. त्यात बोट चिमटलं जातं, आणि जिवाचे हालही होतात. आता गावोगाव फ्रीज आलेत. खेकडे पिशवीत घालून अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवले, की ते बधिर होतात, हालचाल थांबते. फ्रीज नसेल तर बाजारातून बर्फाचा तुकडा आणून घमेल्यात ठेवावा. मग खेकडा उलटा करून पोटाचं झाकण उचलावं आणि त्याखाली मधोमध टोकदार सुरी जोराने खुपसावी. क्षणात काम होतं. खातो म्हणून हाल करावेतच असं काही नाही.

हे झाकण नराचं निमुळतं असतं, मादीचं रुंद आणि गोलसर. पावसाळ्यात मादीच्या झाकणाखाली अंडी किंवा बाजरीच्या दाण्याएवढी पिल्लं दिसतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं आईच्या पोटाखालीच वाढतात. अशी मादी धरतानाच पारखून सोडून द्यावी. एका मादीच्या सुटकेने पुढच्या वर्षीचा रस्सा राखला जातो. आपल्या सह्याद्रीत २०१६ साली गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या एकदम पाच नव्या जातींची नोंद झाली. आपल्या ओढ्यात काय काय आहे हे पुरतं मोजूनही झालेलं नाही, ते संपवायची घाई कशाला?

सफाईचा क्रम असा ठेवा. आधी जुन्या दातांच्या ब्रशने, नाहीतर काथ्याने, वाहत्या पाण्याखाली पाठ, पायांचे सांधे आणि झाकणाची फट घासावी. चिखल तिथेच दडतो. मग डेंगे आणि पाय पिळून वेगळे करावेत. झाकण उपटून टाकावं, त्याबरोबर आतड्याचा काळा दोरा निघतो. मागच्या बाजूने अंगठा घालून पाठीचं कवच उचलावं. आत दोन्ही बाजूंना पिसांसारखे करडे कल्ले दिसतील. खेकडा श्वास घेताना सगळं पाणी यातूनच गाळतो, म्हणून चिखल आणि जंतू यात अडकतात. कल्ले पूर्ण काढून टाकावेत. तोंडामागे, कवचाच्या पुढच्या टोकाला, छोटी पिशवी असते, ते त्याचं जठर. तेही फेकावं. मग मधला भाग दोन तुकडे करून धुवावा.

राहिला आतला गर. नारिंगी, घट्ट असते ती गाबोळी, मादीची अंडी. आणि पिवळट-तपकिरी, पातळ असतो तो वेगळा गर. बरीच माणसं दोन्ही एकच समजून आवडीने खातात. तो पिवळट गर म्हणजे खेकड्याचं यकृत म्हणा. पाण्यातून, अन्नातून अंगात जे काही वाईट येतं ते आधी तिथे साठतं. स्वच्छ डोंगरओढ्यातला खेकडा असेल तर गोष्ट वेगळी, पण पाण्याची खात्री नसेल तर हा गर काढून टाकावा. लहान मुलांच्या आणि पोटुशी बाईच्या ताटात तर तो नकोच.

पाटा-वरवंट्याकडे लक्ष द्या

आपल्या रश्शाची खरी चव लहान पायांच्या रसात असते. पाय पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटायचे, पाणी घालून गाळायचे आणि तो रस रश्शात ओतायचा. पद्धत उत्तम आहे, पण हा रस कच्चा असतो. बऱ्याच ठिकाणी तो शेवटी ओततात आणि एक उकळी आली की पातेलं उतरवतात. काही जण तर "खोकल्याला चांगला" म्हणून नुसता कोमट रस पोराला पाजतात. हे थांबायला हवं, त्याचं कारण असं.

खेकडे आणि क्रॉफिश यांच्या मांसात आणि कल्ल्यांत फुप्फुसाच्या कृमीची पिल्लं असू शकतात. ही पिल्लं आधी पाण्यातल्या गोगलगाईत वाढतात, तिथून खेकड्यात जातात, आणि कच्चा किंवा अर्धाकच्चा खेकडा खाल्ला की माणसाच्या आतड्यातून वाट काढत फुप्फुसात घर करतात. मग खोकला, छातीत दुखणं, बेडक्यातून रक्त. आपल्या देशात मणिपूर, नागालँड, अरुणाचल या भागांत हा आजार माहीतच आहे, आणि तिथे कित्येकदा रोग्याला क्षय झालाय असं समजून क्षयाचीच औषधं दिली गेली. अमेरिकेत मिसुरी राज्यात २००६ ते २०१० या काळात नऊ जणांना हा आजार झाला. ते नदीकाठी सहलीला गेले होते आणि त्यांनी कच्चे क्रॉफिश खाल्ले होते. कोरियात पूर्वी गोवर आलेल्या मुलाला कच्च्या क्रॉफिशचा रस पाजायची चाल होती, त्यातूनही हा कृमी घराघरांत गेला. रोगावर औषध आहे, पण डॉक्टरला खेकड्याची गोष्ट सांगितली तर त्याच्या लक्षात येणार.

यावर उपाय अगदी घरगुती आहे. गाळलेला रस आधी रश्शात घाला आणि सगळं मिळून चांगलं खळखळ उकळू द्या. खेकड्याचे तुकडे घातल्यावर पंधरा-वीस मिनिटं तरी उकळी राहिली पाहिजे. कवच तांबूस झालं म्हणजे आतलं मांस शिजलं असं नव्हे, रंग आधी पालटतो. डेंगा फोडून बघावा, आतलं मांस पांढरं, घट्ट आणि कवचापासून सुटणारं हवं. आणि ज्या पाट्यावर पाय वाटले त्याच पाट्यावर लगेच कोथिंबीर-मिरचीची चटणी वाटू नये. पाटा, वरवंटा, विळी, सुरी, मिक्सरचं भांडं आणि हात साबण आणि गरम पाण्याने धुवावेत. चटणी कच्चीच खाल्ली जाते हे लक्षात ठेवा.

धरतानाची एक गोष्टही इथेच सांगतो. बिळात हात घालणं सोडा. बीळ खेकड्याचं असलं तरी आत साप असू शकतो. शिवाय पावसाळ्यात भातखाचराच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू येतात. पायाला चीर पडलेली असेल तर गमबूट घाला, आणि शेतातून आल्यावर पुढच्या महिन्याभरात कधीही ताप आला तर अंगावर काढू नका.

धुऊन जात नाही ते काय?

इथपर्यंत घरातली सफाई झाली. आता दुसरी बाजू. चिखल घासल्याने जातो, आतडं उपासाने रिकामं होतं, जंतू आणि कृमी उकळीने मरतात. पण रसायन यातल्या कशानेही खात्रीने जात नाही.

आपला भाग साधा नाही. डोंबिवलीत २०१४ च्या जानेवारीत हिरव्या रंगाचा पाऊस पडल्याची चर्चा देशभर झाली, आणि २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ताच गुलाबी झाला. २०१४ च्याच नोव्हेंबरात उल्हासनगरात वालधुनी नदीत रसायन ओतलं गेलं, त्याच्या वायूने शेकडो माणसांना दवाखान्यात न्यावं लागलं. ज्या पाण्याच्या वासाने माणूस आडवा पडतो, त्या पाण्याच्या काठचा खेकडा ताटात घ्यायचा का, याला वेगळ्या तपासणीची गरज नाही. निळजे, घेसर, काटई भागात भातखाचरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. ओढे होते त्यांचे नाले झाले, पण खेकडा अजून तिथे आहे. चिवट जीव आहे तो. तो जिवंत आहे म्हणजे पाणी चांगलं आहे, असा अर्थ काढू नका. कारखान्यांच्या आणि सांडपाण्याच्या खालच्या अंगाचा नाला खेकड्यासाठी वर्ज्य समजावा. उंबार्लीच्या डोंगराकडचा, मुरबाड-शहापूरच्या वरच्या अंगाचा ओढा वेगळा आणि वस्तीतला नाला वेगळा.

पण नाल्याच्या पाण्यावर बोट ठेवताना आपण आपल्या बांधाकडे डोळेझाक करू नये. खेकडे रोपं कुरतडतात, बांधाला भोकं पाडतात, खाचरातलं पाणी वाहून जातं. हे नुकसान खरं आहे, ते मी नाकारत नाही. त्यावर शिजवलेल्या भातात कीटकनाशक कालवून त्याच्या गोळ्या बिळाच्या तोंडाशी ठेवायच्या, असा सल्ला शेतीच्या पत्रकांतून वर्षानुवर्षं दिला गेला आहे. पत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फक्त पीक असतं. त्याच बांधावर रात्री शेजारच्या वाडीतला पोरगा बॅटरी घेऊन येणार आहे, हे पत्रकात लिहिलेलं नसतं. माझ्या मते आपल्या भागात, जिथे खेकडा रोजचं अन्न आहे, तिथे ही गोळी पहिला उपाय म्हणून सांगताच कामा नये.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे बिळात फोरेटचे दाणे सोडणं. बाजारात 'थिमेट' म्हणून ओळखलं जाई तेच हे. २०१८ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटवर पूर्ण बंदी आहे. एंडोसल्फानला त्याआधी, २०११ च्या मे महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. तरी एखाद्याच्या माळ्यावर जुनी पुडी असेल तर ती बांधावर, ओढ्यात किंवा उकिरड्यात टाकू नका. मुलांच्या हाती लागणार नाही अशी बंद करून ठेवा आणि तुमच्या कृषी अधिकाऱ्याला कळवा. ओढ्याच्या डोहात औषध ओतून मासे आणि खेकडे मारणारे तर सरळ गुन्हा करतात. पाण्यात विष घालून मासळी मारायला इंग्रजांच्या १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे.

पिकावरच्या औषधाचीही गोष्ट ऐका. लुईझियानात १९९९ पासून भाताच्या बियाण्याला फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक चोळून पेरणी होऊ लागली. त्याने आमचे क्रॉफिश मेले, असं म्हणत तिथले शेतकरी कोर्टात गेले, आणि २००४ साली कंपनीने साडेचार कोटी डॉलर देऊन तडजोड केली. हेच फिप्रोनिल आपल्याकडे भाताच्या खोडकिड्यासाठी दाणेदार रूपात मिळतं. ते वापरूच नका असं मी म्हणत नाही, खोडकिड्याने पोंगे सुकायला लागले तर उपाय करावाच लागतो. पण कीटक, कोळंबी, खेकडा हे एकाच गोतातले सांधेपायी जीव आहेत. किड्याला जे मारतं ते खेकड्यालाही लागतं. म्हणून औषध टाकलेल्या खाचरातलं पाणी लगेच ओढ्याला सोडू नये, आणि त्या हंगामात त्या खाचरातले खेकडे खाऊ नयेत.

आता विषाची खूण. खेकडा हा रात्रीचा जीव. भर दिवसा पाच-पन्नास खेकडे बिळाबाहेर येऊन सुस्त पडलेले, शिवल्यावरही डेंगा न उचलणारे, आणि त्याच ओढ्यात मासे-बेडूकही उलटे झालेले दिसले, तर ती पर्वणी समजून पिशवी भरू नका. फुकट हाती आलेला असा खेकडा फार महागात पडतो. खाल्ल्यावर कुणाला तोंडाला पाणी सुटणं, दरदरून घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, श्वासाला त्रास असं दिसलं, तर घरी लिंबूपाणी देत बसू नका. गाडी काढून थेट रुग्णालयात न्या आणि डॉक्टरला "खेकडे खाल्ले, बांधावर औषध होतं" हे स्पष्ट सांगा. औषधाची पुडी सापडली तर सोबत घ्या. डॉक्टरचा अर्धा वेळ वाचतो.

मग बांधाचं काय?

"साहेब, तुमचं सगळं खरं, पण बांध तुटतोय त्याचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. त्याला माझं उत्तर असं, की खेकडा कमी करायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तो धरून खाणं. पहिल्या पावसानंतर, लावणीच्या आधी, खेकडे मोठ्या संख्येने बाहेर असतात. त्याच आठवड्यात गावातल्या तरुणांनी आणि वाडीतल्या माणसांनी मिळून रात्री बांध पालथे घातले, तर रोपं लहान असतानाचा त्रास बराच कमी होतो. एकट्याने आपल्याच बांधावर केलं तर शेजारचे खेकडे येतात, म्हणून शिवार मिळून करावं. दिवसा बिळाच्या तोंडात दगड आणि चिखल ठासून भरावा, बांधाला आतून चिखल लिंपावा, बांधावरचं गवत वेळेवर कापावं म्हणजे बिळं दिसतात. मडकं तोंडापर्यंत जमिनीत पुरून आत सुकटीची डोकी टाकली तर रात्रीत खेकडे आपण होऊन पडतात. यातल्या एकाही उपायाने शेजाऱ्याच्या पोराच्या पोटात विष जात नाही.

धरलेल्या खेकड्याला बाजारही आहे. पावसाळ्यात हमरस्त्यांच्या कडेला आदिवासी बाया खेकड्यांचे वाटे लावून बसतात, शहरातली गिऱ्हाइकं गाड्या थांबवून घेतात. त्या गिऱ्हाइकाला "हा अमुक ओढ्याचा, तिथे औषध नाही" असं खात्रीने सांगता आलं तर दोन पैसे जास्त मिळतील. ही खात्री ती बाई एकटी देऊ शकत नाही. गावाने ती द्यावी लागते.

म्हणून गावचे कारभारी, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मे महिन्याच्या ग्रामसभेत एक विषय एवढाच घ्या: या पावसाळ्यात कोणत्या बांधावर, कोणत्या ओढ्याला विष टाकायचं नाही. कुणाला औषध टाकणं भागच असेल तर त्याने आधी सांगावं, लेबलवर लिहिलं असेल तेच औषध तेवढ्याच प्रमाणात घ्यावं आणि शेताच्या चार कोपऱ्यांना लाल फडकं बांधावं. पंचायतीच्या फळ्यावर गट नंबर लिहावा, दवंडी द्यावी, आता मोबाइलवरही कळवता येतं. वाचता न येणाऱ्यालाही लाल फडकं कळतं. कातकरी वाडीत मात्र माणूस पाठवूनच सांगा, कारण फळा वाडीपासून लांब असतो आणि बांधावर सर्वांत जास्त वावर त्यांचाच असतो. डोंबिवलीच्या आसपासची २७ गावं २०१५ च्या जूनमध्ये पुन्हा महापालिकेत गेली. तिथे ग्रामसभेच्या फळ्याची वाट न बघता पोलीस पाटील आणि प्रभाग कार्यालयाने हे काम अंगावर घ्यावं. नाल्यात रात्री टँकर रिकामा होताना दिसला तर गाडीचा नंबर आणि वेळ टिपून पोलिसांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

खेकड्यावर दोष ढकलणं आपल्याकडे सोपं झालंय. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं. त्यावर राज्यभर लोक हसले आणि चिडलेही. बांध फुटायची कारणं डागडुजी न होण्यात असतात, खेकडा त्यातलं एक भोक पाडतो. आपल्या शेताच्या बांधालाही हेच लागू आहे. दरसाल चिखल लिंपलेला, वेळेवर बघितलेला बांध खेकड्याने सहसा जात नाही.

येत्या पावसाळ्यात खेकडे धरायला जाल तेव्हा बॅटरी आणि पिशवी घ्याल, त्याबरोबर एक चौकशीही करा. हा बांध कुणाचा आणि त्यावर यंदा काय टाकलं? उत्तर नीट मिळालं नाही तर रिकाम्या हाती परत या. आणि बांध तुमचा असेल तर हाच प्रश्न विचारणाऱ्याला खरं उत्तर द्या. ते खरं मिळालं, तर घरातल्या माऊलीने मग रात्रभर उपाशी ठेवून, कल्ले काढून, पंधरा-वीस मिनिटं खळखळ उकळून केलेली सगळी मेहनत सार्थकी लागेल, आणि पोरं निर्धास्तपणे रस्सा ओरपतील.